साहेबांच्या कानावर घालता येईल का?

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेलो की न्यायाधीश कोणाचाच माणूस नसतो. त्या एका वाक्यावरून पत्रांचा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ढीग पडलाय. काहींनी प्रश्न विचारलेत, काहींनी सरळ खडसावलंय. ज्यांनी आपल्या चालू दाव्याची सगळी हकिकत लिहून 'निकाल काय लागेल' असं विचारलंय, त्यांनी मला माफ करावं आणि आपल्या वकिलांना गाठावं. मी न्यायाधीश नाही, वकीलही नाही. १९८३ला तालुक्याच्या कोर्टात कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटलो, मग बरीच वर्षं बेंच क्लार्क, आणि २०१७ला शिरस्तेदार, म्हणजे कोर्टातला मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झालो. बेंच क्लार्कची खुर्ची डायसच्या, म्हणजे न्यायाधीश बसतात त्या चौथऱ्याच्या, खाली, तोंड वकिलांकडे. त्यामुळे साहेबांचा आवाज मी जन्मभर पाठीमागून ऐकला. चेहरा बघायचा तर मान वळवावी लागे. जे काही सांगतो ते या खुर्चीवरून.

आमच्या बांधाच्या दाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. गावातले एक पुढारी म्हणतात, 'साहेबांशी आपली ओळख आहे, एकदा घरी जाऊन कानावर घालू.' खरंच असं जाता येतं का?
– एक शेतकरी, तासगाव

जाऊ नका. पुढाऱ्याला पैसे तर मुळीच देऊ नका. हा धंदा फार जुना आहे. दोन्ही पक्षकारांकडून 'साहेबांसाठी' म्हणून पैसे घ्यायचे, निकाल लागला की हरणाऱ्याचे प्रामाणिकपणे परत करायचे. जिंकणारा म्हणतो, काम झालं. हरणारा म्हणतो, माणूस शब्दाचा पक्का. बिचाऱ्या साहेबांना यातलं काही ठाऊकही नसतं.

१९९०च्या आसपासची गोष्ट. आमच्या कोर्टात फोन एकच, नाझरच्या टेबलावर, काळा, डायल फिरवायचा. दुपारच्या सुटीत वाजला. पलीकडे एका वजनदार माणसाचा पीए. म्हणाला, साहेबांना फोनवर बोलवा, अमुक नंबरच्या दाव्याबद्दल बोलायचंय. मी चेंबरमध्ये गेलो. साहेब डबा खात होते, मेथीची भाजी आणि भाकरी. घास तसाच हातात धरून म्हणाले, "त्यांना सांगा, काय म्हणणं असेल ते अर्ज करून द्या, कोर्ट फीचं तिकीट लावा आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांना नक्कल द्या." मी फोनवर शब्दन् शब्द तसाच सांगितला. थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग रिसीव्हर आपटला. अडीच वाजता साहेब डायसवर बसले आणि दोन्ही वकिलांना उभं करून सांगितलं, "या दाव्यात मला फोन आला होता, मी घेतलेला नाही." रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीतही, तसं लिहून घेतलं.

मला वाटतं, न्यायाधीशाशी बोलायची एवढी एकच वाट आहे: उघड्यावर, लेखी आणि विरुद्ध बाजूच्या देखत. तुम्ही त्यांच्या घरी गेलात तर तुमच्या भावकीला उद्या तिथे जायला काय हरकत आहे?

दुसरे एक साहेब होते, ते दर महिन्याला केस कापायला एसटीने जिल्ह्याच्या गावी जायचे. आम्हाला गंमत वाटायची. पुढे कळलं की गावातल्या दोन सलूनवाल्यांपैकी एकाचा दुकानगाळ्याचा दावा आमच्याच बोर्डावर होता, आणि साहेब दुसऱ्याकडे गेले असते तर पहिल्याला वाटलं असतं, आपल्याला टाळलं.

पूर्वी रामशास्त्री होते. आता तसे न्यायाधीश का दिसत नाहीत?
– एक वाचक, सातारा

तुमच्या शेजारच्या माहुलीचेच ते, त्यामुळे अभिमान साहजिक आहे. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ज्याच्यावर ठपका होता तो राघोबा स्वतःच गादीवर बसला, आणि रामशास्त्र्यांनी त्याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. ही कथा आपण चौथीपासून ऐकतो. पण पुढचा भाग कोणी सांगत नाही. शास्त्रीबुवांना पुणं सोडावं लागलं. राघोबाचा जम बसला नाही, कारभार नाना फडणविसांच्या हाती आला, तेव्हा ते परतले. म्हणजे ज्याचा निवाडा करायचा तोच मालक, त्याच्याच हातात पगार. तसं असताना खरं बोलायला रामशास्त्र्यांचीच छाती लागते, आणि अशी छाती शंभर वर्षांत एखाद्याला असते.

मी अठ्ठावीस साहेबांच्या हाताखाली काम केलं. बहुतेक चांगले होते, पण रामशास्त्री त्यांतला एकही नव्हता. घराचे हप्ते, मुलाचा बारावीचा क्लास, बायकोची दुसऱ्या जिल्ह्यातली नोकरी असलेली साधी माणसं. घटनेने हे ओळखलंय. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार थेट संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, जातात, त्यावर सभागृहात मतदान होत नाही. त्यांना काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं, म्हणजे एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश. त्यांच्या कामकाजातल्या वागणुकीवर विधिमंडळात चर्चासुद्धा करता येत नाही. हे सगळं कशासाठी? छाती बेताची असलेल्या माणसालाही सरकारविरुद्ध निकाल देऊन रात्री नीट झोप लागावी म्हणून.

कधी कधी या कुंपणाचा फायदा भलत्याला मिळतो, हेही खरं. १९९३ला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांना काढायचा ठराव आला. त्यांच्यावर चौकशी समितीने ठपका ठेवला होता. लोकसभेत ठरावाच्या बाजूने १९६ मतं पडली आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. ठराव बारगळला. विरोधात एकही मत नाही, तरी माणूस खुर्चीवर कायम!

आमच्याकडे चांगले न्यायाधीश टिकत नाहीत. जरा कोणाला बरे म्हणावे तोवर बदली. सरकार मुद्दाम करते का?
– एक ज्येष्ठ नागरिक, धुळे

धुळ्याहून हा प्रश्न यावा, हे बरं झालं. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू होतं आणि इंग्रज सरकारला पुण्याच्या सुशिक्षितांवर संशय होता. पुण्याच्या सुशिक्षितांत पुढे असलेले न्यायाधीश महादेव गोविंद रानडे यांची त्याच वर्षी तुमच्या धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जात. बंडवाल्यांच्या नावाने मुद्दाम लिहिलेली पत्रंही येत, अडकवायला. रानडे ती निमूटपणे पोलिसांकडे पाठवून देत. न्यायाधीशाला नोकरीवरून न काढता कसं वठणीवर आणायचं, याचं हे जुनं उदाहरण. बदली करा आणि टपालावर डोळा ठेवा.

आता तालुका-जिल्ह्याच्या न्यायाधीशांच्या बदल्या सरकार करत नाही. घटनेच्या २३५व्या अनुच्छेदाप्रमाणे ते नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. साधारण तीन वर्षांनी बदली होणार हे ठरलेलं, आणि आदेश शक्यतो उन्हाळ्यात निघतात, म्हणजे मुलांच्या शाळेचे प्रवेश बुडत नाहीत. गावात माणूस फार मुरू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो मला पटतो. पाच वर्षांत साहेब गावच्या गणपतीचे अध्यक्ष झालेले मी पाहिलेत. फेटा बांधून मिरवणुकीत. दुसऱ्या दिवशी त्याच मंडळाच्या वर्गणीची फिर्याद समोर!

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेगळं आहे. आणीबाणीत, १९७६ला, अशा सोळा न्यायाधीशांच्या एका दमात बदल्या झाल्या. गुजरातचे न्या. संकळचंद शेठ यांना आंध्रला पाठवलं. त्यांनी मुकाट्याने सामान बांधलं, आंध्रला गेले आणि बदलीविरुद्ध दावाही लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ला सांगितलं की संमतीशिवाय बदली करता येईल, पण ती लोकहितासाठी हवी, शिक्षा म्हणून नको, आणि सरन्यायाधीशांचा खरोखर सल्ला घेऊनच हवी. कागदावर छान आहे. पण लोकहित आणि शिक्षा यांत फरक कसा करायचा, हे बदलीच्या आदेशावर लिहिलेलं नसतं.

आमच्याकडे एक मॅडम होत्या. डिसेंबरात, भर वर्षात त्यांचा आदेश आला. मुलगी दहावीला. बाररूममध्ये कुजबुज की अमुक निकालामुळे. मला आजही कारण माहीत नाही, आणि माहीत नसताना मी कोणाचं नाव घेणार नाही. मात्र एक पाहिलंय. त्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी राखून ठेवलेले अकरा निकाल रात्री जागून लिहिले. स्टेनोचे हात दुखायला लागले तेव्हा उरलेले स्वतः हाताने लिहिले. 'माझ्यानंतर येणाऱ्याला हे साक्षीदार दिसलेले नाहीत,' एवढंच म्हणाल्या.

लोकसभेत ५४३ जण कोट्यवधी मतांनी निवडून येतात. न्यायाधीशाला एकही मत पडलेले नसते. मग त्यांनी केलेला कायदा तो कसा रद्द करतो? याला लोकशाही म्हणायचे का?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, लातूर

प्रश्न चांगला आहे आणि तुझ्या सरांनी शिकवलेलं उत्तर तुला पटलेलं नाही, हेही दिसतंय. राज्य कोणी करायचं हे मतं मोजून ठरतं, ठरायलाच हवं. पण गल्लीतल्या पन्नास घरांनी मिळून एक्कावन्नावं घर पाडायचं ठरवलं, तर त्या घराने दाद कुठे मागायची? पुन्हा त्याच पन्नास जणांकडे?

यावर सर्वोच्च न्यायालयाचे तेरा न्यायाधीश एकत्र बसले होते. केशवानंद भारती खटला, निकाल २४ एप्रिल १९७३. सात विरुद्ध सहा. संसदेला घटना दुरुस्त करता येईल पण तिचा गाभा मोडता येणार नाही, असं बहुमताने ठरलं. दोन दिवसांत न्या. शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून न्या. ए. एन. राय सरन्यायाधीश झाले. तिघांनी राजीनामे दिले.

पण मला सांगायची आहे ती पुढची गोष्ट. आणीबाणीत हजारो लोक मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, तुरुंगात होते. त्यांना कोर्टात दाद मागता येते, असं मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणीत न्या. एच. आर. खन्नांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसाने निव्वळ वैयक्तिक दुश्मनीतून माणूस मारला तर? उत्तर आलं की आमच्या भूमिकेप्रमाणे आणीबाणी आहे तोवर त्यावरही दाद नाही. हे उत्तर ऐकूनही २८ एप्रिल १९७६ला पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. त्या चारांत आपल्या पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे खन्ना विरोधात. जानेवारी १९७७ला त्यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

आता मला सांग, त्या दिवशी निवडून आलेली लोकसभा होती की नव्हती? होती. नुसती होती म्हणून आतल्या माणसाला काही उपयोग झाला का?

२०१७ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चूक होता असं स्पष्ट लिहून पुसला. ते लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांचा निकाल मुलाने रद्द केला, याचं लोकांना फार अप्रूप वाटलं. मला त्यापेक्षा एकेचाळीस वर्षं हा आकडा मोठा वाटतो.

तुझी दुसरी बाजूही ऐकतो. न्यायाधीशांनी राज्य करायला लागू नये, हे मलाही वाटतं. दहीहंडी किती थरांची, हेसुद्धा कोर्टाला विचारायची वेळ येते तेव्हा कोर्टाइतकाच दोष निर्णय टाळणाऱ्या निवडून आलेल्या मंडळींचाही असतो. अवघड निर्णय कोर्टाच्या गळ्यात घालायचा आणि मग कोर्टाच्या नावाने बोटं मोडायची, ही सोय सगळ्याच पक्षांना आवडते.

न्यायाधीशच न्यायाधीशांना नेमतात म्हणे. मग काका-पुतण्यांचीच भरती होणार ना?
– निवृत्त शिक्षक, पुणे

तालुक्याच्या कोर्टात तसं नाही. तिथे एमपीएससीची परीक्षा असते, पूर्व, मुख्य आणि मुलाखत. त्या परीक्षेला बसायला तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये परत आणली. मला बरं वाटलं. सनद हातात घेतल्या घेतल्या डायसवर बसलेली पोरं हुशार असतात, पण पक्षकार खोटं रडतोय की खरं, हे त्यांना कळायला दोन वर्षं जातात.

वरच्या न्यायालयांबद्दल तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. घटनेत शब्द आहे सरन्यायाधीशांशी 'विचारविनिमय'. त्यांची संमतीच लागेल असं करा, अशी सूचना घटना समितीत आली होती. २४ मे १९४९ला डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच, त्यांनाही आपल्यासारख्याच उणिवा आणि पूर्वग्रह असतात, तेव्हा असा नकाराधिकार त्यांच्या एकट्याच्या हाती देणं धोक्याचं, असा त्यांचा मुद्दा. आणि तरीही १९९३ला नऊ न्यायाधीशांनी त्या विचारविनिमयाचा अर्थ जवळजवळ संमती असाच लावला आणि कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नावं ठरवायची पद्धत, आलं. का लावला? कारण मधल्या काळात १९७३ झालं होतं, १९७६ झालं होतं, १९७७ झालं होतं. दुधाने तोंड भाजलं म्हणून ताकही फुंकून प्यायले.

संसदेने ते बदलायला सहा जणांचा आयोग आणला. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर. १६ ऑक्टोबर २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. विरोधात राहिलेले न्या. चेलमेश्वर. त्यांचं मत मला अर्धं पटतं. बंद खोलीत नावं ठरतात आणि एखादं का गळलं हे कळत नाही, हे वाईटच. पण कोर्टातला सगळ्यात मोठा पक्षकार कोण? सरकार. पक्षकाराने न्यायाधीश निवडावा, हेही माझ्या गळी उतरत नाही. माझ्याकडे तिसरा उपाय नाही.

न्यायाधीशाने चुकीचा निकाल दिला तर त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो का?
– नाव न छापण्याच्या अटीवर, नाशिक

नाही. अपील करा. मुदत पाहून ठेवा, ती फार लोकांची चुकते. पैसे खाऊन निकाल दिल्याचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी, त्याची तक्रार उच्च न्यायालयाकडे प्रतिज्ञापत्रासह करता येते. नुसत्या रागावर करू नका.

निवृत्त झाल्या झाल्या न्यायाधीशांना सरकारी पदे मिळतात. आधीचे निकाल त्यासाठीच दिले असतील, असे वाटत नाही का?
– एक वाचक, ठाणे

तसं वाटतं, हेच त्यातलं दुखणं. खरं असो वा नसो. १९५८ला मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदं घेऊ नयेत असं सुचवलं. आयोगात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागलाही होते. त्याच वर्षी ते अमेरिकेत राजदूत म्हणून गेले. छागलांसारखा निर्भीड न्यायाधीश मुंबईने क्वचित पाहिला, आणि तरी सेटलवाडांना ते फार लागलं. मी सेटलवाडांच्या बाजूचा आहे. दोन-तीन वर्षं मध्ये सक्तीने रिकामी ठेवावीत, असं मला वाटतं.

निकालावर टीका केली तर बेअदबी होते का?
– एक पत्रकार, सोलापूर

निकाल लागल्यावर त्याच्या गुणदोषांवर रास्त टीका केली तर नाही. १९७१च्या कायद्याच्या पाचव्या कलमातच ते लिहिलंय. निकाल वाचा आणि त्यातलं कारण कुठे लंगडं आहे ते दाखवा. 'विकला गेला' असं पुराव्याशिवाय लिहिलंत तर ती टीका होत नाही.

मुंबई उच्च न्यायालयात गेलात तर दुसऱ्या मजल्यावर टिळकांच्या शब्दांची पाटी पाहून या. १९०८ला तिथेच न्या. दावर यांनी त्यांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. हेच दावर १८९७ला टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते. ज्यूरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे, असं टिळक म्हणाले. ते वाक्य कोर्टाने आपल्याच भिंतीवर कोरलं. १९५६ला पाटीचं अनावरण केलं ते पुन्हा छागलांनीच.

कोर्टात दावा नसताना नुसते बघायला जाता येते का? हाकलतात का?
– गृहिणी, कराड

जाता येतं. कोर्ट उघडं असतं, तोच नियम आहे. बलात्काराचे खटले, घटस्फोटाची प्रकरणं अशी काही बंद दाराआड चालतात, तेवढी सोडून. मोबाइल बंद करा, मागच्या बाकावर बसा, पायावर पाय टाकू नका, पट्टेवाला डोळे वटारतो. साहेब येतात-जातात तेव्हा उभं राहायचं. सकाळी अकरा ते बारा नुसत्या तारखा पुकारतात, त्यात काही कळणार नाही. बारानंतर जा, तेव्हा पुरावा चालतो. साक्षीदार बोलतो, साहेब स्टेनोला सांगतात, ते नीट ऐका. एकदा साक्षीदार म्हणाला, "बहुतेक तोच होता." वकिलांनी घाईत सुचवलं, "तोच होता." पाठीमागून आवाज आला, "बहुतेक म्हणालाय तो. बहुतेक लिहा."

पाण्याची बाटली घरून न्या. आमच्या वेळी माठ होता, आता कूलर आहे आणि तो बहुतेक बंद असतो.